सायकलीचा चिमटा घरच्या घरीं कसा बदलावा

आमचा एक वर्गमित्र लालबागेंत राहतो. रोज पहाटे साडेचार वाजतां उठून तो परळ व लालबाग या भागांतील चाळींतून, आणि गिरण्यांच्या जागीं उभ्या राहिलेल्या उंच इमारतींतून वृत्तपत्रें पोंचवितो, व मग शाळेंत येतो. ज्या सायकलीवर तो हें काम करतो ती त्याच्या आजोबांची आहे. आजोबा एका कापडगिरणींत साच्यांवर होते. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरणीकामगारांचा जो मोठा संप सुरू झाला त्यांत त्यांची नोकरी गेली, ती कायमचीच. सायकल मात्र राहिली. तिच्यावर त्यांनीं पुढें कित्येक वर्षें दूध घातलें, आणि आतां नातू वृत्तपत्रें घालतो.

गेल्या श्रावणांत हा मित्र आम्हांस म्हणाला, "हँडल सरळ आलें कीं खटकन कोठें तरी अडतें. तेथून हलवावयास जोर लागतो." आम्हीं त्याची थट्टा केली. सायकलीस शाळेची वाट पाठ झाली असेल, म्हणून ती सरळच जाऊं पाहते, असें आम्ही म्हणालों, आणि विषय तेथेंच संपला. दिवाळीच्या सुट्टीस दोन दिवस उरले असतांना लालबागच्या उड्डाणपुलाखालीं त्यानें पुढचा ब्रेक दाबला, तों चिमट्यांतून करकर असा आवाज आला. सुदैवानें वेग थोडा होता. उतरून पाहतो तों चिमट्याच्या खांद्याखालीं, डाव्या पायाच्या मुळाशीं, केसासारखी एक बारीक रेघ दिसली. तिच्या कडेनें तांबूस गंज ओघळला होता. रंगाला गेलेली ती भेग नव्हती. पोलादच चिरलें होतें.

धांवत्या सायकलीचा चिमटा तुटला तर स्वार तोंडावर आपटतो. हात पुढें करण्यासही अवकाश मिळत नाहीं. तेव्हां त्या सायकलीवर पुन्हां बसणें शक्य नव्हतें. इकडे दुसऱ्या दिवशीं पहाटे साठ घरीं वृत्तपत्रें जावयाचीं होतीं, आणि चार-आठ दिवसांचा खंड पडला असता तर ती ओळ दुसऱ्या मुलाकडे गेली असती. ज्या खटक्याची आम्हीं थट्टा केली होती त्याचाच हा पुढचा अंक होता, हें ध्यानांत येऊन आम्ही मनांतून ओशाळलों. सुट्टी होती, हात रिकामे होते. म्हणून आम्हां तिघां मित्रांनीं ठरविलें कीं, सकाळीं ओळीचीं घरें वांटून घेऊन पायीं वृत्तपत्रें द्यावीं आणि दिवसां चिमटा बदलण्याचें काम शिकून करावें. तें काम तीन दिवसांत झालें. त्यांत ज्या चुका झाल्या त्या वाचक-मित्रांस कराव्या लागूं नयेत, म्हणून सर्व हकीकत क्रमानें देत आहों.

प्रथम अवयवांचा परिचय करून घेऊं. ज्यांत पुढचें चाक बसतें तो चिमटा. त्याचे चार भाग असतात: वरची उभी नळी, तिच्या तळाशीं असलेला खांदा, खांद्यापासून निघणारे दोन पाय, आणि पायांच्या टोकांस चाकाचा आंस बसविण्याच्या खाचा. चिमट्याची उभी नळी सायकलीच्या फ्रेमच्या पुढच्या नळींतून खालून वर जाते. ती तेथें सहज फिरावी, पण हलूं नये, यासाठीं जी योजना असते तिला कारागीर हेडसेट म्हणतात. खालून वर मोजीत गेल्यास तिचे घटक असे: चिमट्याच्या खांद्यावर घट्ट बसविलेलें पोलादी कडें, त्यावर छर्‍यांची एक रांग, फ्रेमच्या नळीच्या खालच्या तोंडांत ठोकलेली वाटी, नळीच्या वरच्या तोंडांत ठोकलेली दुसरी वाटी, तींत छर्‍यांची दुसरी रांग, तिच्यावर आट्यांनीं फिरवून बसविलेली तिसरी वाटी, मग वॉशर, आणि शेवटीं सर्वांस जखडणारा नट. हँडलाची दांडी या सर्वांच्या आंतून चिमट्याच्या नळींत उतरते.

छर्‍यांची ही युक्ति जुनी आहे. ज्यूल सुरिरे या फ्रेंच कारागिरानें सायकलीच्या चाकांस छर्रे लावण्याचें पेटंट १८६९ सालीं पॅरिसमध्यें घेतलें. १८८५ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ले यानें दोन जवळजवळ सारख्या चाकांची व मागच्या चाकास साखळी लावलेली 'रोव्हर' सायकल तयार केली. आजोबांची सायकल तिचीच वंशज म्हणावयाची.

चिमट्याचे पाय खालीं पुढच्या बाजूस वळलेले असतात, ते केवळ शोभेसाठीं नव्हे. फ्रेमच्या पुढच्या नळींतून एक सरळ रेषा जमिनीपर्यंत नेली, तर ती चाक जमिनीस टेकतें त्या बिंदूच्या थोडी पुढें टेकते. म्हणजे चाक आपल्या वळणाच्या रेषेच्या मागून ओढलें जातें, आणि पुढें जातांना आपोआप सरळ राहूं पाहतें. पाय जितके अधिक पुढें वळलेले तितकें हें अंतर कमी. यासाठींच नवा चिमटा घेतांना जुना सोबत न्यावा, दोन्ही शेजारीं ठेवून वळण ताडून पाहावें. वळण निराळें असल्यास सायकल चालेल, परंतु हातास परकी लागेल. सायकल तोल कां धरते याचें एवढ्यानें पूर्ण उत्तर मिळतें असें मात्र समजूं नये. डेव्हिड जोन्स या इंग्रज शास्त्रज्ञानें बसतां येणार नाहीं अशी सायकल बनविण्याचे मुद्दाम प्रयत्न करून त्यांची हकीकत १९७० सालीं प्रसिद्ध केली. आणि २०११ सालीं नेदरलंड्स व अमेरिका येथील संशोधकांनीं हें अंतर व चाकाच्या फिरकीचा परिणाम हीं दोन्ही काढून टाकूनही आपोआप तोल धरणारी एक छोटी सायकल करून दाखविली. दीडशें वर्षांच्या जवळपास वापरांत असलेल्या यंत्राविषयींही अजून शिकण्याजोगें उरतें, हें पाहून आम्हांस नवल वाटलें.

आतां तो 'खटका' कशानें उत्पन्न झाला तें पाहूं. चाकांतील छर्रे सतत पूर्ण फेरे घेतात, म्हणून त्यांची झीज सर्वत्र सारखी होते. मानेंतील छर्‍यांचें तसें नाहीं. सायकल सरळ जात असतांना हँडल उजवीडावीकडे अगदीं थोडें हलतें. छर्रे एकाच जागीं पुढें-मागें डोलत राहतात. त्यांच्याखालील ग्रीस हळूहळू बाजूस सरतें, पोलाद पोलादावर घासतें, आणि प्रत्येक छर्‍याखालीं वाटींत एकेक खळगा पडतो. हँडल सरळ आलें कीं सर्व छर्रे एकदम आपापल्या खळग्यांत बसतात. हाच तो खटका. रस्त्याचा मार खालच्या वाटीवर येतो, म्हणून खळगे प्रथम तेथें पडतात. असे खळगे पडल्यावर नट आवळून किंवा तेल सोडून कांहीं उपयोग होत नाहीं. वाट्याच बदलाव्या लागतात.

मुंबईंत हें दुखणें अधिक आढळावें यांत आश्चर्य नाहीं. समुद्राची खारट हवा बारा महिने असते. पावसाळ्यांत हिंदमातेपाशीं पाणी तुंबलें म्हणजे त्यांतून सायकल ढकलीत न्यावी लागते, आणि चाकानें उडविलेला चिखल थेट खालच्या वाटीवर बसतो. त्यांत खड्डे, आणि उखडलेल्या फरसबंदीचे उंचवटे. ओझ्याचीही त्यांत भर पडते. १८९० पासून चालत आलेला डबेवाल्यांचा व्यवसाय पाहावा: दादर किंवा लोअर परळ स्टेशनाबाहेर त्यांच्या सायकली उभ्या असतात, त्यांच्या मागच्या बाजूसच नव्हे तर हँडलासही डबे लटकलेले दिसतात. हँडलास अडकविलेल्या ओझ्याचा कांहीं ताण मानेच्या त्या दोन छर्‍यांच्या रांगांवर येतो. आमच्या मित्राच्या वृत्तपत्रांची पिशवीही हँडलासच असे. जुन्या काळीं आणखी एक शत्रु होता, तो ट्रामचे रूळ. मुंबईंत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजीं सुरू झाली व ३१ मार्च १९६४ रोजीं बंद झाली. रुळाच्या खाचेंत चाक सांपडून सायकलस्वार आदळल्याच्या गोष्टी आजोबा आपल्या वडिलांकडून ऐकल्याचें सांगतात.

चीर पाहून शेजारच्या एका गृहस्थांनीं सुचविलें, "वेल्डिंग करून टाका, नव्या चिमट्याच्या चौथाईंत काम होईल." चौथाई हा शब्द मोठा गोड वाटला, कारण पैसे मित्राच्या कमाईंतून जावयाचे होते. परंतु आजोबांनीं मान हलविली. "अरे बाळांनो, साचा तुटला तर आम्ही जोडीत असूं, कारण साच्यावर कोणी बसत नसे," असें ते म्हणाले. पुढें आम्हांस त्याचें शास्त्रही कळलें. चिमट्याच्या नळ्या पातळ पोलादाच्या असतात, व जुन्या सायकलींत त्या खांद्यास पितळेच्या रसानें जोडलेल्या असतात. वेल्डिंगच्या प्रखर उष्णतेनें भोंवतालचें पोलाद बिघडतें, आणि नवी चीर त्या डागाच्या कडेसच उद्भवते. चिरलेला, मुडपलेला किंवा एकदां वांकून सरळ केलेला चिमटा पुन्हां वापरूं नये, हा या लेखांतील पहिला नियम समजावा.

हत्यारें फारशीं लागत नाहींत. दोन मोठे पाने (त्यांपैकीं एक तोंड लहान-मोठें करतां येणारा), चाकाच्या नटांचा पाना, हातोडी, लांकडाचा एक ठोकळा, हातभर लांब लोखंडी सळई, ग्रीसचा डबा, थोडें रॉकेल किंवा डिझेल, चिंध्या, आणि एक परात. यांखेरीज दोन वस्तु आम्हीं नागदेवी रस्त्यावरून आणल्या: फुटभर लांबीचा, सबंध आटे असलेला एक जाड बोल्ट, त्यास दोन नट व दोन मोठे जाड वॉशर, आणि एक इंचाहून किंचित् रुंद पोकळीचा लोखंडी नळाचा तुकडा. त्यांचा उपयोग पुढें येईल. सुट्या भागांसाठीं आम्ही काळबादेवीस गेलों.

दुकानीं जाण्यापूर्वीं सायकल खोलणें बरें, कारण जुना चिमटा हाच उत्तम नमुना होय. आम्हीं सायकल गॅलरीच्या कठड्यास दोरीनें बांधली आणि पुढचें चाक काढलें. मडगार्डाच्या तारा सोडविल्या. जुन्या सायकलींचे ब्रेक तारेच्या दोरीचे नसून सळयांचे असतात. ती सळई सोडवितांना तिचा नट कोणत्या आट्यापर्यंत होता तें खडूनें खूण करून ठेवावें. मग हँडल. त्याच्या दांडीच्या डोक्यावर जो बोल्ट दिसतो तो दांडींतून खालपर्यंत जातो, आणि त्याच्या टोकास असलेली पाचर दांडीस चिमट्याच्या नळींत आंतून घट्ट धरते. पुष्कळ लोक बोल्ट पूर्ण काढतात आणि पाचर आंतच अडकते. तसें करूं नये. बोल्ट चार-पांच फेरे सैल करावा, डोक्यावर लांकडाचा ठोकळा ठेवावा व हातोडीचा एक नेमका ठोका द्यावा. पाचर खालीं सुटते आणि हँडल डावीउजवीकडे फिरवीत वर येतें. आमचें आलें नाहीं. चाळीस वर्षांचा गंज होता. तेल सोडून रात्रभर ठेवलें, तेव्हां सकाळीं आलें.

यानंतरचा भाग सावधपणाचा. वरचा नट व वॉशर काढल्यावर आट्यांची वाटी सैल करावयाची, ती एका हातानें चिमटा खालून वर दाबून धरूनच. खालीं परात ठेवावी. आम्हीं परात ठेवली, पण चिमटा धरणाऱ्यास त्याच क्षणीं शिंक आली. चिमटा खालीं घसरला, छर्रे परातींत आदळून उसळले, आणि निम्मे गॅलरींतून टणटण करीत जिन्याकडे गेले. तळमजल्यावरील बिऱ्हाडांतील लहान मुलांनीं त्यांतले कांहीं गोट्या समजून गोळाही केले. छर्रे गेले याचें दुःख नव्हतें, कारण जुने छर्रे पुन्हां वापरावयाचे नसतातच. परंतु वर किती होते व खालीं किती, हें मोजणें राहून गेलें. छर्‍यांची संख्या व आकार प्रत्येक सायकलीचा वेगळा असूं शकतो, आणि वरचे व खालचे छर्रे निराळ्या आकाराचे असण्याचाही संभव असतो. म्हणून दोन कागदी पुड्या कराव्या, एकीवर 'वर' व दुसरीवर 'खालीं' असें लिहावें, आणि मोजून ठेवावें.

आतां फ्रेमच्या नळींतील दोन वाट्या काढावयाच्या. लोखंडी सळई नळीच्या दुसऱ्या तोंडांतून आंत घालून वाटीच्या आंतील कडेवर टेकवावी, आणि हलके ठोके द्यावे. एक ठोका या बाजूस, दुसरा समोरच्या बाजूस, असें फिरत फिरत. एकाच बाजूस ठोकीत राहिल्यास वाटी तिरकी होऊन नळीचें तोंड फांकतें, आणि मग फ्रेमच निकामी होते. वाट्या निघाल्यावर नळी रॉकेलनें आंतून स्वच्छ पुसावी. दिवाळीचे दिवस होते. आम्हीं प्रथम गॅलरींतील पणत्या दूर नेल्या.

येथें एक परीक्षा अवश्य करावी. पुढच्या नळीस जेथें वरची आडवी नळी व खालची तिरकी नळी मिळते, तेथें मागल्या बाजूस, विशेषतः तिरक्या नळीच्या खालच्या अंगास, बोट फिरवून पाहावें. समोरून आदळलेल्या सायकलीच्या फ्रेमला तेथें सुरकुती किंवा फुगवटा येतो. तसें आढळल्यास नवा चिमटा घालण्यांत अर्थ नाहीं. आमच्या मित्राची फ्रेम निर्दोष निघाली, तेव्हां आजोबांनीं कांहीं न बोलतां आंत जाऊन आम्हांसाठीं चहा आणला.

नवा चिमटा निवडतांना वळणाखेरीज चार गोष्टी ताडाव्या लागतात. पहिली, चाकाचा आकार. जुन्या भारतीय सायकलींची चाकें बहुधा २८ इंची असतात. दुसरी, पायांमधील रुंदी. चाकाचा आंस खाचांत ओढाताण न करतां बसला पाहिजे. तिसरी, उभ्या नळीची लांबी. फ्रेमची नळी १४० मिलिमीटर असेल व वाट्या, वॉशर व नट मिळून ३५ मिलिमीटर उंची घेत असतील, तर चिमट्याची नळी १७५ मिलिमीटरांहून एक-दोन मिलिमीटर कमी असावी. अधिक असल्यास वरचा नट नळीवर टेकतो पण वाटी जखडत नाहीं. फार कमी असल्यास नटास पुरेसे आटे मिळत नाहींत. नळी कापावयाची झाल्यास प्रथम एक नट कापावयाच्या जागेखालीं फिरवून घ्यावा, मग करवतीनें कापून कानसीनें कड घासावी. नट उलट फिरवून काढतांना बिघडलेले आटे आपोआप साफ होतात. चौथी गोष्ट आट्यांची. एक इंच व्यासाच्या नळीवर इंग्रजी पद्धतीचे आटे इंचास २४ असत, परंतु इंग्लंडांतील रॅले कंपनी आपल्या सायकलींस २६ ठेवी. व्यास तोच, म्हणून चुकीचा नट एक-दोन फेरे बिनतक्रार चढतो आणि मग अडतो. जोर केला कीं दोन्हींचे आटे जातात. म्हणून चिमटा व हेडसेट एकाच वेळीं, एकमेकांवर फिरवून पाहून घ्यावे. जुन्या सायकलींचे मूळ भाग मिळणें दिवसेंदिवस कठीण होत आहे. आपल्या वरळीसच हिंद सायकल्स कंपनीचा कारखाना होता. १९८० सालीं कायद्यानें तिचें राष्ट्रीयीकरण झालें, आणि पुढें ती बंद पडली.

वाट्या बसवितांना आम्हीं दुसरी चूक केली. नवी वाटी नळीच्या तोंडावर ठेवून आम्हीं हातोडी चालविली. एक कड आंत गेली, दुसरी बाहेर राहिली. अधिक ठोकण्याच्या बेतांत होतों, इतक्यांत चाळीच्या नाक्यावरील वृद्ध मिस्त्री आवाज ऐकून वर आले. ते म्हणाले, "हातोडी मारण्याआधीं दोनदां बघावें. मारल्यावर दहादां बघून कांहीं होत नाहीं." त्यांनीं वाटी हळूच परत काढली, आणि नागदेवीहून आणलेला लांब बोल्ट मागितला. नळीच्या दोन्ही तोंडांस एकेक वाटी लावावी, बोल्ट दोहोंतून आरपार घालावा, दोन्ही टोकांस जाड वॉशर व नट चढवून पान्यानें हळूहळू आवळीत जावें. वाट्या सरळ रेषेंत आंत सरकतात. दर फेऱ्यास थांबून चारी बाजूंनीं डोळा लावून पाहावें. वाटी व नळी यांच्यामध्यें फट उरली नाहीं म्हणजे काम झालें. खांद्यावरील कडें बसविण्यास नळाचा तुकडा उपयोगी पडतो. कडें चिमट्याच्या नळीवरून खालीं उतरवावें, वरून नळाचा तुकडा घालावा, आणि तुकड्याच्या डोक्यावर ठोकावें. म्हणजे ठोका सर्व बाजूंस सारखा पोंचतो. कडें पूर्ण बसल्यावर ठोक्याचा आवाज बदलतो, भरीव होतो. तो कान देऊन ऐकावा. कडें हातानेंच सैल सरकत असेल तर तें त्या चिमट्याचें नव्हे, बदलून आणावें.

मग छर्रे. दोन्ही वाट्यांत ग्रीस सढळ हातानें भरावें व त्यांत नवे छर्रे एकेक करून रोवावे. ग्रीस त्यांस धरून ठेवतें. वर्तुळ पूर्ण भरून झालें कीं एक छर्रा काढून घ्यावा. त्यांस मोकळेपणीं फिरण्यास तेवढी जागा लागते. दाटीवाटीनें बसविलेले छर्रे एकमेकांवर घासतात. छर्रे पत्र्याच्या कड्यांत बसविलेले असतील तर कड्याची बाजू ओळखावी: छर्रे खोलगट वाटींत टेकले पाहिजेत, पत्रा कोठेंही घासतां कामा नये. आतां चिमटा खालून सरळ वर न्यावा, आट्यांची वाटी हातानें टेकेपर्यंत फिरवावी, वॉशर घालावा, नट चढवावा.

या कामाचें सारें मर्म जुळणींत आहे. आट्यांची वाटी फार आवळली तर हँडल जड होतें व नव्या वाट्यांत खळगे लवकर पडतात. सैल राहिली तर चिमटा मानेंत आदळत राहतो, आणि तो मार शेवटीं खांद्यास बसतो. योग्य जुळणी दोन परीक्षांनीं कळते. चाक व ब्रेक बसविल्यावर पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढें-मागें हलवावी, आणि दुसऱ्या हाताचें बोट खालच्या वाटीच्या सांध्यावर ठेवावें. सांधा हलतांना जाणवला तर सैल आहे. नंतर पुढचें चाक उचलून सायकल जराशी कलती करावी. चाकानें आपल्या वजनानेंच त्या बाजूस वळलें पाहिजे. मध्येंच थांबलें तर घट्ट आहे. या दोहोंच्या मधली जागा फार अरुंद असते. शिवाय वरचा नट आवळतांना जुळणी थोडी बदलते. म्हणून एका पान्यानें आट्यांची वाटी जागच्या जागीं धरावी आणि दुसऱ्यानें नट तिच्यावर आवळावा. आम्हांस हें सात वेळां करावें लागलें.

हँडल परत बसवितांना दांडी चिमट्याच्या नळींत निदान अडीच इंच आंत असावी, आणि पाचर नळीवरील आट्यांच्या खालीं पोंचलेली असावी. आट्यांच्या जागीं नळी पातळ असते. तेथें पाचरीचा ताण आला तर ती तेथेंच चिरते. उंच मुलें हँडल फार वर ओढतात, त्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. सर्व झाल्यावर चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहावें. तें सरकतां कामा नये.

येथवर वर्णन केलेली रचना आट्यांच्या चिमट्याची आहे. १९९० नंतर प्रचारांत आलेल्या, गिअर व धक्काशोषक असलेल्या पुष्कळ सायकलींत चिमट्याच्या नळीस आटे नसतात. हँडलाचा गळाच नळीस बाहेरून आवळून धरतो. तेथें गळ्याचे बाजूचे बोल्ट प्रथम सैल करावे, डोक्यावरील टोपणाच्या बोल्टानें जुळणी करावी, आणि मग बाजूचे बोल्ट आवळावे. क्रम उलटा झाल्यास जुळणी होतच नाहीं. परीक्षा मात्र त्याच दोन.

चौथ्या दिवशीं पहाटे मित्र सायकलीवर बसला. आम्ही दोघे पाठीमागून धांवत होतों, कारण मिस्त्रींनीं सांगितलें होतें कीं, पहिली फेरी रिकामी, सावकाश, व ब्रेक वारंवार दाबून घ्यावी. त्याप्रमाणें परळ नाक्यापर्यंत जाऊन तो परत आला, आणि मगच वृत्तपत्रांची पिशवी घेतली; ती आतां हँडलास न अडकवितां मागल्या कॅरिअरवर बांधली. आठ दिवसांनीं वाट्या बसून जुळणी थोडी सैल झाली, ती पुन्हां आवळली. असें होणारच, त्यानें घाबरूं नये. ओळ त्याचीच राहिली. जुना चिमटा आजोबांनीं भंगारांत दिला नाहीं. पुन्हां कोणी वापरूं नये म्हणून त्याचे पाय करवतीनें कापवून तो खुंटीस टांगून ठेवला आहे.

याच मुंबईंतून १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले होते. त्यांतील आदि हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगारा हे तिघे ४४,००० मैलांचा प्रवास करून १९२८ च्या मार्चांत परत आले. इराणच्या व इराकच्या वाळवंटांत त्यांस दुरुस्तीचें दुकान कोठून मिळणार! सायकलीचा लहानसा आवाजही त्यांस वेळींच ऐकावा लागला असणार. आम्हांस वाळवंट ओलांडावयाचें नाहीं. परंतु दादरच्या गर्दींतून रोज शाळेंत यावयाचें आहे, आणि पाठीमागून बस येत असतांना तोंडावर पडण्यास वाळवंटाची आवश्यकता नाहीं.

म्हणून वाचक-मित्रांस एवढीच विनंति कीं, हा अंक मिटल्यावर आपली, भावाची किंवा घरीं दूध आणणाऱ्याची सायकल पाहावी. पुढचें चाक उचलून हँडल सावकाश वळवावें: मध्यें खटका लागतो काय? ब्रेक दाबून ती पुढें-मागें हलवावी: मानेंत आवाज येतो काय? चिंधीनें खांद्याखालचा चिखल पुसून दिव्याच्या उजेडांत पाहावें: कोठें बारीक रेघ आहे काय? या तीन प्रश्नांस पांच मिनिटेंही लागत नाहींत. आणि कोणी मित्र आपल्या सायकलीचें कांहीं दुखणें सांगूं लागला, तर थट्टा करण्यापूर्वीं एकदां चाक उचलून पाहावें.